पेन्शनीतले कापरेकर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जन्मभर लोकल आणि ड्युटी केलेली निवृत्त माणसं घरोघरी आहेत. नोकरी संपली की कामही संपतं का? रिसर्चच्या तयारीत असलेल्यांनी यासाठी द. रा. कापरेकरांचं आयुष्य जरूर बघावं.

जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२९ साली बी.एस्सी. झाले, पीएच.डी. नाही. १९३० पासून देवळालीत शाळामास्तर, १९६२ साली निवृत्त.

त्यांचा ६१७४ आठवतो ना? कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. हे नोकरीत असतानाचं काम.

पुढे पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या, पण संख्यांचा नाद सुटला नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर झालं. तोवर निवृत्तीला तेरा वर्षं झाली होती.

त्यांना लॅब लागत नव्हती, ग्रँट लागत नव्हती, कागद-पेन्सिल पुरायची. आपल्या विषयांत हे जसंच्या तसं जमणार नाही. तरी एखादा प्रश्न असा जवळ ठेवा, जो आयकार्ड परत केल्यावरही तुमचाच राहील.