बाबूराव बागूल : जात चोरायला लावणाऱ्या समाजाचा कथाकार

नाशिकरोडजवळच्या विहितगावात १७ जुलै १९३० रोजी बाबूराव रामजी बागूल यांचा जन्म झाला. त्याच वर्षी २ मार्चला नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. बाबूराव पाच वर्षांचे असताना बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली.

दहाव्या वर्षी ते मुंबईला मावशीकडे, माटुंगा लेबर कॅम्पात राहायला गेले. आंबेडकरी चळवळ आणि कम्युनिस्ट कामगार चळवळ या दोन्हींशी त्यांची ओळख तिथलीच. शालेय शिक्षणानंतर मिळेल ते कष्टाचे काम केले. पुढे रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतला गेल्यावर भाड्याची खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली.

या अनुभवातून ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आली. त्याच नावाचा संग्रह १९६३ साली निघाला. कथेचा नायक कवी आहे. सोबतचे कामगार त्याच्या कवितेवर खूश होतात, त्याला घरात घेतात आणि जात कळताच तेच त्याला बेदम मारतात. दुसरा दलित कामगार काशीनाथ मात्र जात लपवत नाही, अपमान झाला की अंगावर धावून जातो. नायकाला वाचवतो तोही काशीनाथच. आम्हाला वाटते, कथेचा खरा पेच या दोघांमध्ये आहे. लपवले तरी मार, सांगितले तरी अपमान. आणि ‘चोरी’ म्हणायची कुणाची? माणूसपण नाकारणाऱ्यांची की खोली मागणाऱ्याची?

‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) या संग्रहात मुंबईच्या झोपडपट्टीतले जगणे आहे. त्याला १९७० साली राज्य शासनाचा हरिनारायण आपटे पुरस्कार मिळाला. ‘सूड’ ही लघुकादंबरीही १९७० चीच. १९६८ नंतर त्यांनी नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन केले. दलित साहित्य म्हणजे एका जातीची तक्रार नाही, ते माणसाचे साहित्य आहे, ही भूमिका त्यांनी ‘दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान’ (१९८१) या पुस्तकात मांडली. आपल्यातले बरेच जण पँथरच्या घोषणा पाठ म्हणतात, पण हे पुस्तक उघडून पाहत नाहीत. आम्हीही कॉलेज संपेपर्यंत उघडले नव्हते.

२६ मार्च २००८ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. त्याआधी २००७ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने नवोदित कथाकारांसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला होता. मूळ संग्रहाचा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१८ साली आला.

आम्ही वस्तीतल्या मुलांसोबत ही कथा मोठ्याने वाचली, तेव्हा सुरतच्या खोलीचा प्रसंग आल्यावर एक मुलगा हसला. गेल्याच आठवड्यात तो कॉलेजजवळ खोली बघायला गेला होता. घरमालकाने भाडे सांगण्याआधी आडनाव विचारले होते.