कॉवेलच्या मजल्यावर
अपंगांच्या स्वावलंबनाचा इतिहास कायद्यांपासून सांगायची रीत आहे. मी तो बर्कलेच्या कॉवेल रुग्णालयातून वाचतो. पोलिओग्रस्त एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये विद्यापीठात आला. त्याचे अवजड श्वसनयंत्र, ‘लोखंडी फुफ्फुस’, वसतिगृहाला पेलेना, म्हणून तो रुग्णालयात राहिला. मागोमाग आणखी विद्यार्थी आले. मदतनीस कोण ठेवायचा, कोणाला काढायचे, हे तेच ठरवू लागले. खरी क्रांती मला इथे दिसते. १९७२ मध्ये त्यांनी गावातच केंद्र उघडले: मदतनीस, घरशोध आणि व्हीलचेअरची दुरुस्ती. (खुर्ची बिघडली की माणूस घरात कोंडला जातो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.) ज्या राज्य पुनर्वसन खात्याने रॉबर्ट्सला नोकरीस नालायक ठरवले होते, पुढे त्याच खात्याचा तो संचालक झाला.