जन्मवाटेवरचे जंतू आणि गडचिरोलीची ३९ गावे

१/ धडधाकट जन्मलेले बाळ दुसऱ्या दिवशी दूध ओढेनासे होते, गार पडते आणि दगावते. शतकानुशतके याचा दोष दृष्टीला, नशिबाला किंवा आईला दिला गेला.

२/ १८७९ मध्ये पाश्चर यांनी बाळंतज्वरामागचे साखळीसारखे जंतू दाखवले. १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड यांनी त्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचे गट पाडले. त्यांतला ‘ब’ गट निरोगी स्त्रीच्या जन्ममार्गातही निमूट वसतो आणि प्रसूतीच्या वेळी बाळापर्यंत पोहोचू शकतो, हे १९७० च्या दशकात ठळक झाले. आईचा यात काहीच अपराध नव्हता.

३/ पण जिथे दवाखानाच दूर, तिथे काय? १९९५ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना तयार केले. जंतूचे नाव कळले नाही, तरी त्या लक्षणांवरून संसर्ग ओळखत आणि घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन देत.

४/ तिथे हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात-मृत्यू १९९७-९८ पर्यंत २५.५ वर आले. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला, २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांच्या नवजात-भेटी देशभर सुरू झाल्या. जो मृत्यू नशिबाचा मानला जाई, तो टाळता येतो, हे या गावांनी दाखवले.