कोड रेड : उघडी राहिलेली चोरवाट

गडाची चोरवाट शत्रूस कळली कीं ती तत्काळ बुजवावी लागते. संगणकांचा इतिहासही हेंच सांगतो. संकेतस्थळांचीं पानें पुरविणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमधील एका छिद्रावर १८ जून २००१ रोजीं दुरुस्ती प्रसिद्ध झाली. अनेकांनीं ती बसविलीच नाहीं. जुलैंत ‘कोड रेड’ नांवाचा कृमि त्याच वाटेनें शिरला व १९ तारखेस १४ तासांच्या आंत ३,५९,००० हून अधिक संगणक त्यानें ग्रासले. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळानें आपला अंकीय पत्ता बदलून त्याचा नियोजित हल्ला चुकविला. यंत्र बंद करून पुन्हां चालू केल्यास कृमि नाहींसा होई. परंतु वाट उघडी असल्यास पुन्हां शिरे. दुरुस्ती तयार करणें हें एकाचें काम. ती वेळेवर बसविणें हें प्रत्येकाचें.