यंत्राच्या पाठीवरच्या दोन अटी

लॅपटॉप उलटा केला, वायरलेस माउस पालथा घातला किंवा वाय-फाय राउटरचा तळ पाहिला, की भिंग घेऊन वाचावा इतका बारीक इंग्रजी मजकूर दिसतो. त्यात एफसीसी या अमेरिकी दूरसंचार आयोगाचे नाव असते, आयोगाच्या नियमावलीतल्या ‘भाग १५’चा उल्लेख असतो आणि दोन अटी असतात. पहिली अट अशी, की हे यंत्र दुसऱ्याच्या संदेशवहनात घातक व्यत्यय आणणार नाही. दुसरी अशी, की बाहेरून येणारा कोणताही व्यत्यय ते सोसेल, मग त्यामुळे त्याचे स्वतःचे काम बिघडले तरी बेहत्तर. यंत्र चीनमध्ये बनलेले असो वा तैवानमध्ये, अमेरिकेत विकायचे तर या अटी त्याला बांधून घेतात. तोच माल जगभर जात असल्याने हा मजकूर आपल्याकडच्या घराघरांतही येऊन पोहोचला आहे. त्यामागे जवळजवळ शतकभराचा इतिहास आहे.

रेडिओलहरींचे आकाश सगळ्यांचे मिळून एकच आहे, हे अमेरिकेला लवकर उमगले. १९१२ च्या रेडिओ कायद्याने प्रक्षेपणाला सरकारी परवाना लागू लागला. १९३४ मध्ये एफसीसीची स्थापना झाली आणि कोणी कोणत्या वारंवारतेवर बोलायचे हे ठरवण्याचे काम तिच्याकडे आले. पण पुढच्या काही वर्षांत घरांत काही वेगळीच उपकरणे शिरू लागली. तबकडीवरचे गाणे तारेविना खोलीतल्याच रेडिओ संचावर ऐकवणारे रेकॉर्ड प्लेयर निघाले. फिल्को कंपनीने १९३९ च्या मॉडेलांसाठी ‘मिस्टरी कंट्रोल’ आणला. लाकडी पेटीतली टेलिफोनसारखी तबकडी फिरवून खोलीच्या दुसऱ्या टोकाचा रेडिओवरचे स्टेशन बदलता येई. ही सगळी प्रक्षेपकेच होती, फक्त त्यांचा आवाका चार भिंतींपुरता. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यासाठी परवाना काढायला लावणे कुणालाच परवडणारे नव्हते.

म्हणून १९३८ मध्ये आयोगाने पळवाट ठेवली नाही, वाट आखून दिली. लहरींची ताकद ठरावीक अंतरावर मीटरला पंधरा मायक्रोव्होल्टच्या आत असेल, तर परवान्याची गरज नाही. बदल्यात त्या यंत्राला कसलाही हक्क मिळणार नाही. परवानाधारकाला त्रास झाला तर ते बंद करायचे; यंत्राला त्रास झाला तर ते त्याच्या मालकाचे मालकानेच पाहायचे. भाग १५ चा उगम इथे आहे, आणि पुढच्या दोन्ही अटींचे बीजही.

या व्यवस्थेत एक मोठी उणीव मात्र होती. कायदा यंत्र वापरणाऱ्याला धरत असे. गॅरेजचे दार दुरून उघडणारे सदोष यंत्र एखाद्या कारखान्याने हजारोंनी विकले, तर आयोगाने त्या हजारो घरमालकांना एकेक करून शोधायचे. त्या बिचाऱ्यांना तर आपल्या दारामुळे कुणाला त्रास होतो याची कल्पनाही नसायची. १९६८ मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यात कलम ३०२ घातले आणि जबाबदारीची दिशा बदलली. व्यत्यय आणू शकणारी, नियमात न बसणारी उपकरणे बनवणे, आयात करणे, विकणे किंवा विकायला मांडणे यांवर आता थेट बंधन आले. माझ्या मते या कुळकथेतले सर्वांत मोठे वळण हेच. गिऱ्हाइकाने दुकानातून यंत्र घरी नेले, की ते कायदेशीर आहे की नाही याची खात्री करण्याचे त्याच्याकडे काहीच साधन नसते. ती खात्री ज्याच्याकडे प्रयोगशाळा आहे, ज्याच्याकडे आराखडे आहेत, त्यानेच दिली पाहिजे. आणि ती दिल्याची खूण यंत्रावर दिसली पाहिजे.

या खुणेची खरी परीक्षा घरगुती संगणकांनी पाहिली. १९७७ मध्ये रेडिओ शॅक दुकानांतून विकायला आलेला टीआरएस-८० इतक्या लहरी बाहेर फेकत असे, की जवळ ठेवलेल्या एएम रेडिओत त्याचा आवाज येई. या संगणकात ध्वनीची सोय नव्हती, म्हणून काही खेळांच्या प्रोग्रॅमनी ही खरखरच संगीतासारखी वापरून घेतली. शेजाऱ्याच्या टीव्हीवर मात्र तिच्यामुळे जाळी उमटत असे. त्याच वर्षीच्या ॲपल-२ ला टीव्हीशी जोडणारा मॉड्युलेटर कंपनीने स्वतः दिला नाही. तो दुसऱ्या छोट्या उत्पादकाकडून वेगळा घ्यावा लागे. अटारीने आपल्या ४०० आणि ८०० या संगणकांचे पोट जाड ओतीव ॲल्युमिनियमच्या कवचात बंद केले, कारण टीव्हीला जोडायच्या यंत्रांवरचे नियम फारच कडक होते.

१९७९ मध्ये आयोगाने संगणकांसाठी स्वतंत्र नियम केले. कचेऱ्या-कारखान्यांतल्या यंत्रांना ‘वर्ग ए’, घरातल्यांना ‘वर्ग बी’. घरच्या यंत्रांसाठी मर्यादा जास्त कडक, कारण भिंतीपलीकडेच शेजाऱ्याचा टीव्ही असतो. टीआरएस-८० चे पहिले मॉडेल या मर्यादेत बसेना, आणि जानेवारी १९८१ मध्ये त्याची विक्री थांबली. तेव्हापासून संगणकाच्या पाठीवर वर्गाचे नाव ही नित्याची गोष्ट झाली.

पुढचा टप्पा १९८५ चा. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आंतरराष्ट्रीय करारानुसार १९४७ पासून उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखलेला होता. मायक्रोवेव्ह भट्ट्या त्यातच चालत, म्हणून संदेशवहनासाठी तो टाकाऊ मानला जाई. आयोगातले अभियंते मायकेल मार्कस यांच्या पुढाकाराने मे १९८५ मध्ये या आणि आणखी दोन पट्ट्यांत विनापरवाना संदेशवहनाला मुभा मिळाली. तंत्र होते लहरी रुंद पट्ट्यावर पसरवण्याचे, आणि शर्ती त्याच जुन्या दोन. व्यत्यय आणायचा नाही, आलेला सोसायचा. या सोशिकतेतूनच सोसण्याची कला विकसित झाली. वाहिनी मोकळी आहे का हे आधी ऐकायचे, मग बोलायचे, टक्कर झाली तर थांबून पुन्हा पाठवायचे, अशी शिस्त वाय-फायच्या १९९७ च्या मानकात आहे. कुणाकडे परवाना न मागता आज घरोघरी इंटरनेट हवेतून फिरते, ते या दोन अटींच्या जोरावर.

जकातीच्या नाक्यावर या अटींचा पहारा आयातदार करतो. माल अमेरिकेत उतरवताना अनेक वर्षे त्याला ‘फॉर्म ७४०’ भरावा लागे: उपकरणाला मंजुरी आहे, किंवा ते कोणत्या सवलतीखाली येते आहे, हे त्यात जाहीर करायचे. २०१७ मध्ये तो फॉर्म गेला. जबाबदारी गेली नाही. मंजुरी घेतलेल्या प्रक्षेपकावर ‘एफसीसी आयडी’ लागतो. त्याची सुरुवातीची अक्षरे मंजुरीधारकाची आणि पुढची त्या उत्पादनाची असतात. आयोगाच्या खुल्या नोंदवहीत हा क्रमांक घातला, की चाचणीचे अहवाल आणि बहुधा यंत्राच्या आतले फोटोही पाहता येतात.

यंत्रे लहान होत गेली तशी मजकुराला जागा उरेना. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘ई-लेबल’ कायदा झाला आणि पडदा असलेल्या यंत्राला हा मजकूर पडद्यावर दाखवण्याची मुभा मिळाली. सवलतीला अटी आहेत. मेन्यूतल्या तीनपेक्षा जास्त पायऱ्या नकोत, खास संकेतशब्द नको, आणि आयातीच्या वेळी यंत्र बंदच असते म्हणून खोक्यावर किंवा यंत्रावर तात्पुरते लेबल हवेच.

भारताचा रस्ता उलट दिशेने सुरू झाला. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी यंत्र बाळगण्यालाच परवाना बंधनकारक केला. आपल्या आजोबांच्या पिढीने रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टात वर्षाची फी भरली, ती याच विचारातून. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्या अधिसूचनेतही शर्त तीच: दुसऱ्याला व्यत्यय नाही, स्वतःला संरक्षण नाही, वापर सामाईक. यंत्र मात्र सरकारमान्य नमुन्याचे हवे. शिवाय आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापावी लागते, ती वजनमापे कायद्याच्या २०११ च्या नियमांनुसार.

आता बाजारात मोबाइलचे सिग्नल वाढवणारे बेकायदा बूस्टर खुलेआम मिळतात. असा एक बूस्टर लावला, की एका घरात आवाज स्वच्छ येतो आणि आजूबाजूच्या इमारतींतले फोन तुटू लागतात. सामाईक नळाला पंप लावणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखे हे वागणे आहे. म्हणून यंत्र विकत घेताना मंजुरीचा क्रमांक आहे का हे पाहावे, आणि असेल तर तो नोंदीत तपासावा. कारण छापील क्रमांक खोटाही असू शकतो. विक्रेता क्रमांक सांगू शकला नाही, तर ते यंत्र तिथेच सोडून यावे.