दिनविशेष : २७ एप्रिल
२०२० : मुंबईच्या महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा गणवेश घालून महापालिकेच्या नायर रुग्णालयात पोचल्या. राजकारणात येण्यापूर्वी त्या परिचारिकाच होत्या. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी त्या बिनविरोध महापौर झाल्या आणि चारच महिन्यांत करोनाने शहराला गाठले. परिचारिकांना धीर द्यावा, म्हणून जुना गणवेश पुन्हा अंगावर चढला. यात थोडा देखावा होता, असे कुणी म्हणेलही. पण वॉर्डातली रात्रपाळी काय असते, हे ठाऊक असलेले महापौर किती? योगायोग असा, की जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका व सुईणींचे म्हणून आधीच जाहीर केले होते.