'न्यूरॉन' या संज्ञेची सनद

एकोणिसाव्या शतकात मेंदूच्या अभ्यासकांपुढे मोठी अडचण ही होती की, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या पातळ छेदात असंख्य पेशींच्या शाखा अशा गुंतलेल्या दिसत, की कोणती शाखा कोणत्या पेशीची याचा निवाडा करणे अशक्यप्राय होई. ही कोंडी फोडली ती लोम्बार्डीतील अब्बियातेग्रासो गावी, असाध्य रोग्यांच्या इस्पितळात नोकरीस असलेल्या कामिल्लो गोल्जी यांनी. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कठीण केलेल्या मेंदूच्या तुकड्यांवर सिल्व्हर नायट्रेटचा संस्कार केला असता मोजक्याच पेशी, परंतु त्या आपल्या समग्र शाखाविस्तारासह, पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याभोर उमटतात, हा शोध त्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केला.

गोल्जींची स्वतःची धारणा मात्र अशी, की या पेशींचे अक्षतंतू अखेर एका अखंड जालात विलीन होतात. त्यांचीच प्रक्रिया १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमार्रो यांच्याकडे पाहून भारावलेल्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती सुधारली, आणि प्रौढ मेंदूच्या अरण्यात शिरण्याऐवजी पक्ष्यांचे भ्रूण व नवजात प्राणी निवडले, कारण त्यांच्या तंतूंवर मेदावरण चढलेले नसल्याने रंग निर्वेध पोहोचतो. तेव्हा त्यांना दिसले, की प्रत्येक तंतूला शेवट असतो, आणि तो दुसऱ्या पेशीला भिडतो, तिच्यात मिसळत नाही. या साऱ्या इतिहासात काहालांची ही निवडच मला सर्वांत तेजस्वी वाटते. पदरमोड करून १८८८ मध्ये काढलेले त्यांचे त्रैमासिक स्पॅनिश भाषेत असल्याने बाहेर फारसे कोणी वाचीना, म्हणून पुढील वर्षी ते स्वतः काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या शरीररचनातज्ज्ञांच्या परिषदेस गेले आणि वयोवृद्ध ऊतिशास्त्रज्ञ क्योलिकर यांची खात्री पटविली.

संज्ञा दिली ती मात्र तिसऱ्यानेच. 'क्रोमोसोम' हा शब्दही ज्यांचा, त्या बर्लिनच्या विल्हेल्म वाल्डायर यांनी काहाल, हिस, फोरेल आदींच्या निष्कर्षांचा परामर्श घेणारी लेखमाला १८९१ मध्ये लिहिली आणि चेतापेशी व तिचे सर्व फाटे मिळून होणाऱ्या एककास 'न्यूरॉन' म्हटले. त्या एका शब्दाने विखुरलेल्या दाखल्यांना सनदेचे बळ आले. परंतु प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते, या सिद्धान्ताचेही श्रेय पुष्कळदा वाल्डायर यांच्याच खाती जमा होते, हे न्याय्य नव्हे.

१९०६ चे नोबेल पारितोषिक गोल्जी व काहाल यांना विभागून मिळाले, तेव्हाही गोल्जींनी स्टॉकहोमच्या व्याख्यानात या सिद्धान्तावरच हल्ला चढविला. त्यांना हट्टी ठरविणे सोपे आहे. पण दोन पेशींमधील फट सुमारे २० नॅनोमीटरची, आणि त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा तिच्या दसपट, त्यामुळे ती प्रत्यक्ष पाहणे दोघांपैकी कोणालाही शक्य नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती दाखविली १९५० नंतर, आणि काहाल तर १९३४ सालीच निवर्तले होते.